बासरीवाल्याची बढती

मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचं नाव आलं की त्याच्या आगेमागे बहुधा एक ठरलेला शब्द येतो : फ्लॉटिस्ट. आता वाद्याचं इंग्रजी नाव फ्लूट. व्हायोलिन वाजवणारा व्हायोलिनिस्ट, गिटार वाजवणारा गिटारिस्ट, तर फ्लूट वाजवणारा सरळ फ्लूटिस्ट व्हायला हवा. मग मधल्या ‘ऊ’चा ‘ऑ’ कसा झाला? इंग्रजीवर हुकमत असलेल्या मंडळींना विचारलं तर ते सांगतात, की शुद्ध शब्द फ्लॉटिस्ट हाच, फ्लूटिस्ट हे अर्धवट इंग्रजी येणाऱ्यांचं काम. भारतात हा समज चांगला रुजला आहे आणि ब्रिटनमध्येही तो सापडतो. तो चुकीचा आहे, हे इंग्रजी कोशांतल्या तारखा बघितल्या की लगेच कळतं. पण चूक एवढी पक्की का बसली, हा त्याहून रंजक प्रश्न आहे. त्याचं उत्तर व्याकरणात नाही. फुंकून वाद्य वाजवणाऱ्या माणसाला समाज कुठे बसवत होता, त्यात ते आहे.

आधी तारखा. ‘फ्लूटिस्ट’ची इंग्रजीतली नोंद १६०३ सालची आहे. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, साधारण १४००च्या सुमारास, ‘फ्लूटर’ हा शब्द चालत होता. ‘फ्लॉटिस्ट’चा जो जुना दाखला कोश देतात तो १८६०चा. म्हणजे ज्याला आपण घराण्यातला वडीलधारा समजतो, तो तिघांत धाकटा आहे, आणि थोडाथोडका नव्हे, अडीचशे वर्षांनी. मूळ ‘फ्लूट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, एवढं नक्की. त्यामागे काय होतं यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही. लॅटिनमध्ये फुंकणे या अर्थाचं ‘फ्लारे’ हे क्रियापद आहे, ते मोहात पाडतं. पण ध्वनिबदलाच्या नियमांत ते नीट बसत नाही, त्यामुळे ओठांतून सुटणाऱ्या हवेच्या आवाजावरूनच हा शब्द घडला असावा, असंही मानलं जातं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात सरदाराच्या तरुण मुलाचं चित्र काढलं, तेव्हा त्याच्या गुणांत दिवसभर गाणं आणि ‘फ्लॉयटिंग’ करणं घातलं. त्याच प्रास्ताविकात एक पिठाच्या चक्कीवाला आहे : धिप्पाड, तोंडाळ, डोक्याने दार फोडणारा. तोही फुंकून वाजवतो, पण त्याच्या हातात बॅगपाइप आहे. उमरावाच्या मुलाला एक वाद्य आणि चक्कीवाल्याला दुसरं, ही वाटणी चॉसरने सहज केलेली नाही.

बॅगपाइप वाजवणारा तो ‘पायपर’. या घराण्यातला हा खरा मूळपुरुष. चिवचिवाट करणे या अर्थाच्या लॅटिन ‘पिपारे’पासून ‘पाइप’ आला, आणि ‘पिपेरे’ म्हणजे फुंकवाद्य वाजवणारा हा शब्द हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही आहे. आपल्या पिपाणीची घडण अशीच आवाजावरून झालेली वाटते. याच लॅटिन मुळापासून जर्मनमध्ये ‘फायफ’ आणि ‘फायफर’ झाले, आणि सोळाव्या शतकात पायदळाच्या ढोलाबरोबर लहान तीव्र आवाजाची बासरी घेऊन चालणारा ‘फायफर’ इंग्रजीतही आला. इंग्लंडमधला पायपर गावचा माणूस. जत्रेत, लग्नात, दारूच्या गुत्त्यात वाजवायचं, पैसे किंवा पेला मिळाला तर घ्यायचा आणि पुढच्या गावाला जायचं. १५७२च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यात एलिझाबेथच्या पार्लमेंटने कुठल्याही सरदाराच्या आश्रयाला नसलेले फिरते वादक भामट्यांच्या आणि भटक्यांच्या यादीत टाकले. त्या कायद्यातली शिक्षा होती फटके, आणि तापलेल्या लोखंडाने उजव्या कानाच्या कूर्चेला भोक. इंग्रजीतले पायपरवरचे वाक्प्रचार याच जगातून आले. पायपरचे पैसे चुकते करणं म्हणजे मौजेची किंमत भरणं, आणि जो पायपरला पैसे देतो तोच कुठली धून वाजवायची ते ठरवतो. दोन्हींत पायपर हा भाड्याचा माणूस आहे. उंदीर पळवणाऱ्या हॅमलिनच्या बासरीवाल्याची गोष्ट आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते. रॉबर्ट ब्राउनिंगने १८४२मध्ये तिला इंग्रजी कवितेचं रूप दिलं, तीही शेवटी एका पायपरचे ठरलेले पैसे बुडवल्याचीच गोष्ट आहे.

फुंकवाद्यांकडे बघण्याची ही नजर इंग्रजांनी शोधलेली नाही. अथेन्समध्ये ‘औलोस’ नावाचं दुहेरी नळीचं, जिभाळीचं वाद्य होतं. जातीने ते आपल्या सनईच्या जवळचं. तरी इंग्रजी भाषांतरकारांनी त्याला शतकानुशतकं ‘फ्लूट’ म्हटलं आणि वाचकांची दिशाभूल केली, ती आजतागायत पुरती निस्तरलेली नाही. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की अथेन्सचा पुढारी अल्किबियाडीस याने तरुणपणी हे वाद्य शिकायला नकार दिला. गाल फुगून चेहरा ओळखू येईनासा होतो आणि तोंड अडकल्यामुळे बोलता येत नाही, ही त्याची कारणं. तंतुवाद्य वाजवताना गाता येतं, बोलता येतं, चेहरा सभ्य राहतो. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये प्रेमावरची चर्चा सुरू करण्याआधी औलोस वाजवणाऱ्या मुलीला बाहेर पाठवून देतात. आणि ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या शेवटच्या भागात नागरिकांच्या मुलांच्या शिक्षणातून हे वाद्य वगळलं. ज्या समाजात वाणी हे स्वतंत्र नागरिकाचं लक्षण, तिथे तोंड वाद्याला देणारा माणूस खालचा ठरला. मराठी वाचकाला हे फार दूरचं वाटायला नको. लग्नाच्या मांडवात सनई नसली तर अशुभ, पण ती वाजवणाऱ्या घडशी, गुरव, मांग मंडळींना उल्लेखायचं ते ‘वाजंत्री’ म्हणून, सगळ्यांना मिळून एकाच शब्दात, नाव न घेता. तीच सनई सभागृहाच्या मंचावर गेली आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांसारखा माणूस ती वाजवू लागला की शब्द ‘सनईवादक’ होतो. वाद्य तेच, फुंकही तीच.

माझं म्हणणं असं, की फ्लूटर, फ्लूटिस्ट आणि फ्लॉटिस्ट यांची रांगही अशीच लागली आहे. वाजवणाऱ्याची सामाजिक जागा बदलली की त्याचं नाव बदलायची गरज भासते, आणि नवं नाव बहुधा त्या काळी जी भाषा प्रतिष्ठेची असेल तिच्यातून उचललं जातं. इंग्रजीत या बढतीची पहिली पायरी म्हणजे शेवटचा ‘-अर’ काढून ‘-इस्ट’ लावणं. ‘-अर’ हा कारागिराचा प्रत्यय : बेकर, कार्पेंटर, पायपर, फिडलर. ‘-इस्ट’ मूळचा ग्रीक, लॅटिनमार्गे आलेला, शिकल्यासवरल्या माणसाचा. चर्चमधला ऑर्गन वाजवणारा सोळाव्या शतकातच ऑर्गनिस्ट झाला होता, कारण तो साक्षर, नोकरदार आणि धर्मसंस्थेच्या पगारावरचा होता. पुढच्या शतकात हार्परच्या जोडीला हार्पिस्ट आला, फिडलरच्या जोडीला व्हायोलिनिस्ट. फिडलर आणि व्हायोलिनिस्ट यांच्या हातात लाकूड-तारांचं वाद्य एकच असतं, तरी एक गुत्त्याच्या कोपऱ्यात उभा दिसतो आणि दुसरा रंगमंचावर काळ्या कोटात. १६०३चा फ्लूटिस्ट याच पिढीतला. जुना फ्लूटर मेला मात्र नाही. तो आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये टिकला, आणि कुठल्या थरात टिकला हे बघण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्सी फ्रेंच या आयरिश कवीने एक विनोदी गाणं लिहिलं, ते तिकडे अजून म्हटलं जातं. त्याचा नायक फिल हा गावातला फ्लूटर. दिवस वाईट आलेत, हाती पैसा नाही, म्हणून तो गावाला नाचायला बोलावतो आणि टोपी फिरवतो. लंडनच्या मैफलीत ‘फ्लॉटिस्ट’ मिरवू लागला, त्याच सुमाराचा हा फिल.

यावर एक आक्षेप लगेच येईल. ‘-अर’ जर हलका, तर ट्रम्पेटर का टिकला? आजही मोठ्या ऑर्केस्ट्रातल्या तुतारीवाल्याला ट्रम्पेटर म्हटलं तर तो रागावत नाही. आणि पायपर? स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पायपर हे मानाचं पद होतं. स्काय बेटावर मॅक्लाउड सरदारांच्या पदरी मॅक्रिमन घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळलं, आणि राणी व्हिक्टोरियाने १८४३मध्ये आपला स्वतःचा पायपर नेमला. ते पद ब्रिटिश राजघराण्यात अजून चालू आहे. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. तुतारीवाले इंग्लंडच्या राजाच्या पगारी सेवेत होते, त्यांचा प्रमुख ‘सार्जंट ट्रम्पेटर’ हा दरबारी अधिकारी. त्यांच्या नावाला मान आधीच होता, त्यांना नवा शब्द कशाला हवा? डोंगरातल्या पायपरचंही तेच. एकच शब्द यॉर्कशरच्या जत्रेत हलका आणि मॅक्लाउडांच्या डनव्हेगन किल्ल्यात भारदस्त ठरतो, तेव्हा प्रत्ययात मुळातच काही उच्चनीच नसतं हे उघड आहे. माणसाच्या जागेनुसार ते प्रत्ययाला चिकटतं, आणि जिथे जागा आधीच पक्की असते तिथे शब्द जुनाच राहतो.

आता दुसरी पायरी, इटालियन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला इटालियन ऑपेराचं वेड लागलं. हँडल जर्मन होता, पण १७११मध्ये त्याने लंडनला ‘रिनाल्दो’ सादर केला तो इटालियनमध्ये. तेव्हापासून संगीताबद्दल जाणतेपणाने बोलायचं म्हणजे दोन-चार इटालियन शब्द टाकायचे, ही रीत पडली. वाद्यांची नावंही बदलली. इंग्रजांचा जुना ‘सॅकबट’ मागे पडून पुढे ‘ट्रॉम्बोन’ आला, फ्रेंच वळणाचा ‘होबॉय’ जाऊन ‘ओबो’ झाला. फ्लूट मात्र हलला नाही. तो इतका घरचा झाला होता, की त्याला ‘फ्लाउतो’ म्हणायला कुणी तयार नव्हतं. इटालियनपणा शिरला तो वाद्याला वगळून, थेट वाजवणाऱ्याच्या नावात. हीच या शब्दाची विसंगती आहे : ओबो वाजवणारा ओबोइस्ट, कारण वाद्यही ओबो. फ्लॉटिस्टच्या हातात मात्र ‘फ्लॉट’ नावाचं काहीच नाही.

१८६०चा तो दाखला कुठला, हे कळल्यावर गंमत वाढते. तो लंडनच्या कुठल्या संगीतसमीक्षकाचा नाही. तो नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘द मार्बल फॉन’मधला आहे. हॉथॉर्न इटलीत राहून आला होता आणि कादंबरीही रोममध्येच घडते. तिच्यात बोर्गेझे उद्यानातलं एक नाचाचं प्रकरण आहे. नायक-नायिका झाडांखाली नाचत असताना वाजंत्र्यांचा एक भटका ताफा येऊन ठेपतो : एक हार्प, एक फ्लूट, एक व्हायोलिन, तिन्ही वापरून झिजलेली. रोमच्या रस्त्यांवर असे ताफे पुष्कळ फिरत, असं हॉथॉर्नच सांगतो. त्या ताफ्यातल्या फ्लूटवाल्याला त्याने ‘फ्लॉटिस्ट’ म्हटलं, बहुधा इटालियन ‘फ्लाउतिस्ता’ कानात होता म्हणून. आज जो शब्द ब्रिटिश आणि शिष्ट समजला जातो, त्याचा कोशातला दाखला एका अमेरिकनाने एका रस्त्यावरच्या वादकाबद्दल लिहिलेला आहे. त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीच्या इंग्लंडमध्ये अशा माणसाचे कान धोक्यात होते.

फ्लॉटिस्टचे पाठीराखे इथे म्हणतील, की उगम काहीही असो, इटालियन ही पाश्चात्य संगीताची भाषा आहे, स्वरलिपीवर ‘फ्लाउतो’च छापलेलं असतं, म्हणून शब्दही इटालियन असणंच योग्य. हा युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण तो कुणी पाळत नाही. बसूनचं इटालियन नाव ‘फगोत्तो’, तरी इंग्रजीत वाजवणारा बसूनिस्टच. गिटारचं ‘कितार्रा’, तरी गिटारिस्टच. शिवाय ‘फ्लाउतो’चा इतिहास तपासला तर पंचाईत होते. बाखच्या १७२१च्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तोंपैकी दुसऱ्यात नुसतं ‘फ्लाउतो’ लिहिलं आहे, ते उभं धरायच्या रेकॉर्डरसाठी. आडव्या बासरीसाठी पाचव्यात ‘त्राव्हेर्सिएर’ हा वेगळा शब्द वापरावा लागला. इंग्लंडमध्येही तेव्हा साध्या ‘फ्लूट’चा अर्थ बरेचदा रेकॉर्डर असे आणि आडव्या वाद्याला ‘जर्मन फ्लूट’ म्हणत. मुळाबरहुकूम जायचं म्हटलं, तर बाखच्या काळातला फ्लॉटिस्ट वेगळंच वाद्य वाजवताना सापडेल. आणि उच्चाराचं काय? इटालियन उच्चार ‘फ्लाउ’ असा. ब्रिटनने त्याचा ‘फ्लॉ’ केला, अमेरिकेत काही जण ‘फ्लाउटिस्ट’ म्हणतात. शुद्धतेसाठी घेतलेला शब्द अशुद्ध उच्चारायचा आणि वर दुसऱ्याला सुधारायचं, हे जरा जास्त होतं.

दुसरा बचाव वाद्याच्या सुधारणेचा. म्युनिकच्या थिओबाल्ड बोएमने १८३२मध्ये फ्लूटच्या कळांची रचना बदलली आणि १८४७मध्ये नळी सरळ गोल करून धातूचं वाद्य आणलं. आजचा ऑर्केस्ट्रातला फ्लूट म्हणजे तोच. नवं वाद्य, नवे वादक, म्हणून नवा शब्द, असं मांडता येतं. वादकाची प्रतिष्ठा या सुधारणेने वाढली, हे मला मान्य आहे. पण शब्द वाद्याने आणला असता तर तो सगळीकडे आला असता. अमेरिकेने बोएमचं वाद्य उत्साहाने स्वीकारलं आणि शब्द मात्र जुनाच ठेवला. तिथल्या राष्ट्रीय फ्लूट संघटनेची स्थापना १९७२ची. तिच्या नियतकालिकाच्या नावात ‘फ्लूटिस्ट’च आहे. वाद्य एक, तंत्र एक, तरी अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर एक शब्द आणि दुसऱ्यावर दुसरा. फरक आहे तो समाजांच्या आवडीचा.

भारतात फ्लॉटिस्ट आला तो ब्रिटिश इंग्रजीबरोबर, आणि तो आपल्या बासरीला चिकटला हे ओघानेच झालं. पन्नालाल घोषांनी विसाव्या शतकात लोकवाद्य समजल्या जाणाऱ्या बासरीची लांबी वाढवून तिला रागदारीच्या मैफलीत बसवलं, पुढे चौरसियांनी तिला जगभर नेलं. लोकवाद्याचं मैफलीचं वाद्य झालं, तेव्हा इंग्रजी बातमीदारालाही भारदस्त शब्द हवाच होता. आपल्या सहा-सात भोकांच्या वेळूच्या नळीचा ना बोएमशी संबंध, ना रोमशी. तरी ‘फ्लॉटिस्ट’ने काम केलं, कारण त्याचं काम वाद्य ओळखण्याचं नव्हतंच. त्याला माणसाला वरच्या रांगेत बसवायचं होतं.

मग फ्लॉटिस्ट चूक म्हणायचा का? नाही. दीडशेहून अधिक वर्षं लाखो लोकांनी वापरलेला शब्द त्याची जन्मकथा विचित्र आहे म्हणून चूक ठरत नाही, आणि ब्रिटनमध्ये लिहिणाऱ्याने तो वापरला तर त्यात काही वावगं नाही. मीही इथे शुद्धतेचा उलटा झेंडा घेऊन उभा नाही. फ्लूटिस्टसुद्धा फ्रेंच नाम आणि ग्रीक प्रत्यय यांची मोळीच आहे. हेन्री फाउलरने इंग्रजी वापरावरच्या आपल्या १९२६च्या प्रसिद्ध कोशात कौल दिला तो फ्लूटिस्टलाच, आणि तारखांचा हिशेब बघता तो पटतो. तरी भाषेने फाउलरचं सगळंच ऐकलेलं नाही. खोडून काढायचा आहे तो फक्त एक दावा, की फ्लॉटिस्ट जुना आणि जाणत्यांचा, फ्लूटिस्ट नवा आणि अडाण्यांचा. जाणत्यांचंच ऐकायचं तर जेम्स गॉलवेंचं ऐका. बेलफास्टच्या गल्लीतल्या फ्लूट बँडमधून निघालेला हा माणूस बर्लिन फिलहार्मोनिकचा मुख्य वादक झाला, आणि तो स्वतःला फ्लॉटिस्ट म्हणवून घेत नाही. माझ्याकडे ‘फ्लॉट’ नाही, असा विनोद त्याच्या नावावर सांगितला जातो. तो स्वतःला म्हणवतो ‘फ्लूट प्लेयर’, म्हणजे फ्लूट वाजवणारा.

मराठीत लिहिणाऱ्याला ही अडचणच नाही, ‘बासरीवादक’ आहे आणि तो पुरेसा आहे. इंग्रजीत निमंत्रणपत्रिका किंवा बातमी लिहायची वेळ आली तर फ्लूटिस्ट, फ्लॉटिस्ट, फ्लूट प्लेयर या तिन्हींपैकी जो तोंडात बसेल तो खुशाल लिहा. कुणी ‘फ्लूटिस्ट’वर लाल शाईने रेघ मारली, तर वाद घालू नका, त्याला १६०३ आणि १८६० हे दोन आकडे तेवढे दाखवा.